आजीचा आवाज सापडला

श्टुटगार्ट,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. माझे पैसे कुठे अडकलेले नाहीत, खात्यात कोणी शिरलेलं नाही, हे सगळ्यात आधी लिहिते.

बाबा, मंगळवारी रात्री साडेअकराला तुमच्या फोनवर तो ओटीपी आला आणि पाठोपाठ मी विचारायला फोन केला, तेव्हा तुम्ही तो सांगितला नाहीत, हे बरोबरच केलंत. कोणालाही सांगायचा नाही हे मीच तुम्हाला बजावलं होतं. पण ‘तू मनूच असशील तर आपल्या पहिल्या गाईचं नाव सांग’ म्हणालात आणि माझ्या घशात आवंढाच आला. कपिला म्हणायला किती वेळ लागला मला! फोनवर नीट सांगता आलं नाही. मैत्रीण पुण्याला निघाली आहे, तिच्याकडे पेनड्राइव्ह देते आहे, म्हणून सोबत हे पत्र.

इथे येताना तुम्ही घेऊन दिलेला लॅपटॉप बंद पडला. चार्जर लावला तरी दिवा लागेना. बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, दुसऱ्याचा चार्जर लावून पाहिला, काही नाही. दुकानात म्हणाले मदरबोर्ड गेला, दुरुस्तीपेक्षा नवा घ्या. मला नव्याचं काही नव्हतं. २०२२ च्या दिवाळीत आजीच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या, त्या फक्त या लॅपटॉपवर होत्या. दुसरी प्रत काढायची राहून गेली. आजी गेली तेव्हा मी येऊ शकले नाही, आणि आता तिचा आवाजही माझ्याच हातून गेला असं वाटून मी दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

आई, हे कळल्यावर तू म्हणशील एवढं मनाला लावून घ्यायचं नाही. पण ते लावून घेण्यासारखंच होतं.

मग ऑफिसातल्या एकाने समजावलं की मशीन मेलं तरी माल मेलेला नसतो. घराचं दार अडकलं म्हणून कणगीतलं धान्य नासत नाही, तसं. सगळं साठवलेलं असतं ते आत एका पट्टीवर, साधारण आठ सेंटिमीटर लांब आणि दोन रुंद, एका स्क्रूवर बसवलेली. ती काढायची, वीसेक युरोच्या डबीत घालायची आणि वायरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची.

पण इतका बारीक स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे कुठला? तो मिळाला जिन्यात, आणि त्यासाठी इथली एक पद्धत सांगायला हवी. इथे ‘केअरवोखे’ असते, म्हणजे झाडण्याचा आठवडा. बिल्डिंगमधल्या बिऱ्हाडांनी आळीपाळीने जिना झाडायचा, पुसायचा. तुमची पाळी आली की तुमच्या दाराला एक पाटी अडकवलेली असते. आठवडा संपला की तुम्ही ती पुढच्या दाराला अडकवायची. यातही दोन प्रकार. धाकट्यात फक्त आपल्या मजल्यासमोरचा जिना, थोरल्यात खालचं दार, तळघर आणि समोरचा फुटपाथसुद्धा, बर्फ पडला तर तोही. जिना लखलखीत असला तरी झाडायचाच. कचरा आहे का हा प्रश्नच नाही, पाळी आहे ना? पगार घेणारी, मोठ्या हुद्द्यावरची माणसं शनिवारी बादली घेऊन पायरीवर वाकलेली दिसतात. वरच्या मजल्यावरच्या एक आजी सांगतात की याची मुळं १४९२ सालच्या इथल्या नियमांत आहेत. मला पहिल्या वर्षी हे जाचक वाटायचं. आता सकाळी अंगण झाडल्यासारखं वाटतं.

तर माझी पाळी होती, मी पायऱ्या पुसत होते, आणि त्या आजींनी माझे डोळे पाहून विचारलं. मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्या वर गेल्या आणि त्यांच्या यजमानांची घड्याळदुरुस्तीची पेटी घेऊन आल्या. लाकडी पेटी, आत मखमल, सगळ्यात लहान स्क्रूड्रायव्हर सुईपेक्षा जरासा जाड. काम होईपर्यंत त्या शेजारी टॉर्च धरून बसल्या.

पट्टी जोडली तर कुलूप. ४८ आकडी किल्ली मागितली. लॅपटॉप चोरीला गेला तर कोणी आतलं वाचू नये म्हणून सगळं आपोआप कुलूपबंद असतं, हे मला माहीतच नव्हतं. ती किल्ली माझ्या जुन्या खात्यात ठेवलेली, आणि खातं उघडायचा ओटीपी तुमच्याजवळच्या माझ्या जुन्या सिमवर. म्हणून तो रात्रीचा फोन. बाबा, ते सिम तुम्ही दर वेळी रिचार्ज करून चालू ठेवलंत म्हणून हे झालं.

अकराच्या अकरा रेकॉर्डिंग मिळाली. पहिल्यात आजी विचारते, ‘चालू झालं का गं?’ मागे कुकरची शिट्टी आहे, बाबांचा खोकला आहे, आणि मग जात्याची घरघर. आता माझ्याकडे दोन प्रती आहेत, तिसरी तुमच्याकडे येते आहे.

नवा लॅपटॉप मात्र घ्यावा लागला, त्यामुळे या महिन्यात ४०,००० ऐवजी २५,००० पाठवले आहेत. कर्जाचा हप्ता त्यातून जाईल, पण बागेच्या औषधांचं दुकानदाराला डिसेंबरपर्यंत थांबायला सांगा. दादाने स्वतःच्या खिशातून भरू नये, त्याला वहिनीच्या दवाखान्याचा खर्च आहे.

मामीने आणलेल्या स्थळाबद्दल. मी टाळते आहे असं तुम्हाला वाटतं, आणि थोडं ते खरंही आहे. इतक्या लांबून ‘हो’ म्हणताना तुमचं वय डोळ्यांसमोर येतं. पण पुढच्या रविवारी त्यांच्याशी बोलते, इथले दुपारचे दोन, तुमचे साडेसहा. बायोडाटा त्याच पट्टीत निघाला, त्यात नोकरीची माहिती बदलून दादाला पाठवला आहे. मेमध्ये पंधरा दिवस येते आहे, रजा मंजूर झाली. वर्षश्राद्धाला नव्हते, आता आजीच्या फोटोसमोर बसायचं आहे.

आई, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मनू

ता. क. पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागच्या खाचेत लावा, फाइली टीव्हीवर वाजतील अशा करून दिल्या आहेत. टीव्हीने ‘फॉरमॅट करू का’ विचारलं तर ‘नाही’ दाबायचं आणि मला फोन करायचा, कितीही वाजले असले तरी.