बारवांसाठी लोकवर्गणीची वाट मोकळी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी एका समुद्रातल्या दीपगृहाची हकीकत आमच्या परभणी जिल्ह्यातल्या बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरींच्या, कामी यावी म्हणून लिहितो आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बीची हेड हा पांढऱ्याशुभ्र खडूच्या दगडाचा, दीडशे मीटरहून उंच कडा आहे. जुने दीपगृह माथ्यावर होते. धुके दाटले की त्याचा उजेड जहाजांना दिसेना. म्हणून कड्याच्या पायथ्यापासून सुमारे १६५ मीटर आत, समुद्रात नवे दीपगृह बांधले. ते १९०२ मध्ये सुरू झाले. ग्रॅनाइटचे चिरे कड्यावरून तारेच्या दोरावरून खाली उतरवले होते. पांढऱ्या कड्यापुढे मनोरा दिवसाही उठून दिसावा, म्हणून त्यावर लाल-पांढरे पट्टे.

२०११ मध्ये ट्रिनिटी हाउस या सांभाळणाऱ्या संस्थेने कळवले, की आता जहाजांना पट्ट्यांची गरज उरली नाही, पुन्हा रंग देणार नाही. लोकांना ते पटले नाही. त्यांनी सुमारे २७ हजार पौंड वर्गणी जमवली आणि २०१३ मध्ये दोरांना लटकून रंगाऱ्यांनी मनोरा पुन्हा रंगवला. मला यात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की संस्थेने लोकांचा पैसा नाकारला नाही आणि काम जाणकारांच्या हातून झाले.

नळ आणि बोअर आले, तशा आपल्या बारवाही बिनकामाच्या ठरल्या, कचऱ्याने भरल्या. वालूरच्या चक्राकार बारवेतला गाळ गावकऱ्यांनी श्रमदानाने उपसला, याचा मला फार अभिमान आहे. पण निखळलेला चिरा पुन्हा बसवणे टिकाव-फावड्याने होत नाही, आणि हौसेने सिमेंट थापले तर जुने बांधकाम कायमचे बिघडते. स्मारके खासगी व्यक्ती-संस्थांना सांभाळायला देणारी शासनाची ‘महाराष्ट्र वैभव’ संगोपन योजना राज्य संरक्षित स्मारकांपुरती आहे. गावोगावच्या बहुतेक बारवा त्या यादीतच नाहीत.

सप्ताहाला आणि भंडाऱ्याला घरटी वर्गणी काढणारी आमची गावे बारवेसाठीही पैसा उभा करतील. जिल्हा प्रशासनाने त्यासाठी स्वतंत्र खाते उघडावे, आणि पुरातत्त्व विभागाने चुन्यातल्या दगडी बांधकामाचा जाणकार पाठवून खर्चाचा अंदाज काढून द्यावा. पाणी तळाला जाते ते उन्हाळ्यात, तेव्हाच खालच्या पायऱ्यांचे काम करता येते. म्हणून हा अंदाज संक्रांतीपर्यंत गावांच्या हाती पडावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सेलू (जि. परभणी)