गणपतीआधीचा रंग : हाताला लागत नाही म्हणजे पक्का झाला नव्हे

महोदय,

गणपती तोंडावर आले की कोकणात घरोघरी रंगाचे डबे उघडतात. वर्षातला सगळ्यात ओला काळ आणि रंगाची सगळ्यात मोठी घाई एकाच वेळी येते, त्याला इलाज नाही. पण त्यापायी होणारे नुकसान बरेचसे टाळता येते, म्हणून हे पत्र.

डब्यावर ‘अर्ध्या तासात वाळतो, चार तासांनी दुसरा हात’ असे ठळक छापलेले असते. हे तास कोणत्या हवेसाठी, ते बारीक अक्षरांत असते : साधारण २७ अंश तापमान आणि ६०-६५ टक्के आर्द्रता. ऑगस्टात किनारपट्टीवर आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली क्वचितच येते. तेव्हा चार तासांचे आठ धरा, संततधार असेल तर दुसरा दिवस. शिवाय हे तास फक्त पुढचा हात मारण्यापुरते आहेत. रंग पूर्ण पक्का व्हायला लागणारा काळ वेगळा आणि कितीतरी मोठा. रंगारी तो सांगत नाही, कारण त्याला पुढचे घर गाठायचे असते. आणि घरमालकही विचारत नाही.

इमल्शन म्हणजे भिंतीला लावायचा पाण्यातला रंग. त्यातले पाणी उडाले की रंगाचे कण एकमेकांना चिकटून त्याचा पापुद्रा तयार होतो. हाताला रंग लागेनासा होतो, पण आतला शेवटचा ओलावा निघून पापुद्रा घट्ट व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर भिंत पुसू नये आणि तिला चिकटपट्टी लावू नये. मखराची झालर आठ दिवसांच्या भिंतीवर टेपने चिकटवली, तर विसर्जनानंतर टेपबरोबर रंगाची पट्टीही निघून येते, कधीकधी खालच्या पुट्टीसकट. माटवीच्या (मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीच्या) ओल्या पाल्यातून पाणी ओघळले की नव्या भिंतीवर चकचकीत, किंचित चिकट, पिवळट रेघा दिसतात. त्या रंग खराब असल्याच्या खुणा नव्हेत. रंगातले साबणासारखे घटक पाण्याबरोबर वर आलेले असतात. महिनाभराने साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने हलके पुसले की जातात. लगेच वरून रंग मारू नये, रेघा पुन्हा उमटतात.

खरा घोटाळा ऑइल पेंटचा. आधी त्यातले टर्पेंटाइन उडते, मग उरलेला भाग हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू कडक होतो. ही दुसरी पायरी घाईने होत नाही. ‘एकाच हातात झाकून टाकू’ म्हणून जाड हात मारला की दुधावर धरते तशी वर साय धरते, खालचा रंग ओलाच राहतो आणि दोन दिवसांत सुरकुत्या पडतात. हॅलोजनचा दिवा लावून शेकले किंवा ड्रायर (रंग लवकर सुकवणारे द्रव्य) जास्त ओतला तरी तेच होते. लवकर वाळावा म्हणून टर्पेंटाइनऐवजी लॅकर पातळ करायचा जहाल एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर घालणारेही असतात. तो खालचा जुना हात उचलून आणतो. योग्य रीत एवढीच : लिटरला ५० ते १०० मिली टर्पेंटाइन, पातळ दोन हात, मध्ये पूर्ण एक दिवस आणि बारीक पॉलिश कागदाने हलकी घासणी. वापरासाठी एरवी आठवडा, पावसात किमान पंधरा दिवस. चौरंग तीन दिवस आधी रंगवून त्यावर कापड आणि मूर्ती ठेवली, तर कापडाची वीणच रंगात उमटते आणि कापड सोलून काढावे लागते. रंग तयार आहे का, हे पाहायला न दिसणाऱ्या जागी अंगठा जोराने दाबून किंचित फिरवावा. ठसा उठला किंवा रंग सरकला तर थांबावे.

पावसात दारे फुगतात. फुगलेल्या दाराची कड रंगवली की ती चौकटीला चिकटते आणि उघडताना सालटे निघते. त्या कडा दसऱ्यानंतरच रंगवाव्यात. (फुगलेले दार रंधून घेऊही नये, उन्हाळ्यात फट पडते.)

भिंत ओली असेल तर वाळण्याचे सगळे हिशेब फोल. जांभ्याच्या भिंतीचा खालचा दोन-तीन फुटांचा भाग पावसात पाणी ओढतो. तिथे फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने बंद करून २४ तास ठेवावा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर तेवढा भाग सोडून द्यावा, नाहीतर दिवाळीच्या आत फोड आणि पोपडे येतील. नवा गिलावा असेल तर पाणी मारणे संपल्यावरही निदान चार आठवडे थांबावे. त्यातला चुनकट अंश ऑइल पेंटमधल्या तेलाचा अक्षरशः साबण करतो, म्हणून तिथे ऑइल पेंट नकोच.

चुना आणि सिमेंट पेंट यांचे गणित उलटे. भिंत आधी भिजवावी लागते. फार लवकर सुकले तर भुकटी होऊन हाताला लागते.

लाकडाच्या पॉलिशसाठी तर हे दिवस वाईटच. एनसी लॅकरमधला थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतले बाष्प त्यावर बसते आणि पांढुरकी झाक येते. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशमध्ये ते कडक होण्यासाठी मिसळायचा हार्डनर तर ओलाव्याशीच अभिक्रिया करतो आणि बुडबुडे येतात.

ठेकेदारांनी दरपत्रकात प्रत्येक रंगासमोर दोन वेळा लिहाव्यात : पुढच्या हाताची आणि वापराची. आपल्या घरसजावटीच्या पुरवणीतही त्या दोन्ही छापाव्यात, ही विनंती. आणि ज्यांच्याकडे आता दहाच दिवस उरलेत, त्यांनी आतल्या कोरड्या भिंतींना इमल्शनचे दोन हात द्यावेत, पंखा चालू ठेवावा, उघडीप असेल तेव्हाच खिडक्या उघडाव्यात. ग्रिल, दारे, चौरंग आणि बाहेरची बाजू यंदा फक्त धुऊन पुसून घ्यावी.

— रंगकाम आणि पॉलिशच्या धंद्यातील एक वाचक, रत्नागिरी