‘वाघाला हरणाने पाहिले’ : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : सहावी ते आठवीच्या वर्गांत आकलन व व्याकरण यांची उजळणी एकत्र घेण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. गेली तीन वर्षे आठवड्यातून दोन दिवस गावातल्या शाळेत जाऊन सहावी-सातवीच्या मुलांकडून वाचनाची उजळणी करून घेते. पहिल्या दिवशी मी फळ्यावर एकच वाक्य लिहिते : ‘वाघाला हरणाने पाहिले.’ मुले ते न अडखळता, खणखणीत आवाजात वाचतात. मग कोणी कोणाला पाहिले, असे विचारले की निम्म्याहून अधिक मुले सांगतात, ‘वाघाने हरणाला.’ याच मुलांनी थोड्या वेळापूर्वी ‘स, ला, ते’ आणि ‘ने, ए, शी’ हे विभक्तीचे प्रत्यय न चुकता म्हणून दाखवलेले असतात. प्रत्यय पाठ आहेत आणि वाचनही अस्खलित आहे. परंतु वाक्यातला कर्ता ओळखायला त्या ‘ने’चा उपयोग होतो, हे त्यांना कोणी दाखवलेले नाही. वाक्यात जे नाव आधी येते तेच काम करणारे, असे धरून ती पुढे जातात.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, असे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ ही मुदत घातली. त्या उद्दिष्टाबद्दल मला आदर आहे. मात्र तिसरीत समजून वाचणारे मूल सहावीत आपोआप समजून वाचेल असे नाही, कारण मधल्या काळात पाठ्यपुस्तकातले वाक्यच बदलते. ‘आजीने आणलेल्या बिया पेरणाऱ्या मुलाला सरपंचांनी बोलावले’ या वाक्यात आणणारे, पेरणारे आणि बोलावणारे माणूस वेगवेगळे आहे, आणि ‘आणलेल्या’ व ‘पेरणाऱ्या’ ही धातुसाधिते, म्हणजे क्रियापदाच्या धातूपासून बनलेले शब्द, सोडवता आल्याशिवाय ते कळत नाही. भूगोलाच्या आणि विज्ञानाच्या पुस्तकांत अशी वाक्ये पानोपानी येतात. मूल विज्ञानात कच्चे आहे असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ते वाक्यातच अडकलेले असते.

असे असताना शाळांमध्ये उजळणी म्हणून काय होते, ते मी अनेक वर्षे पाहिले आहे आणि नोकरीच्या सुरुवातीला स्वतः केलेही आहे. व्याकरणाची उजळणी म्हणजे समास, प्रयोग आणि अलंकार यांच्या व्याख्या पाठ करणे. आकलनाची उजळणी म्हणजे उतारा देऊन त्याखालच्या चौकटी पूर्ण करणे. मुले प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतात, तो सापडला की त्याच्या आजूबाजूचे वाक्य उचलून लिहितात, आणि त्यांना गुण मिळतात. ‘विहीर आटली म्हणून गावाने टँकर मागवला’ असे उताऱ्यात असेल, तर ‘टँकर का मागवला?’ या प्रश्नाला सगळेच बरोबर उत्तर देतात. हेच वाक्य ‘कारण’ वापरून लिहायला सांगितले की काही मुले ‘विहीर आटली, कारण गावाने टँकर मागवला’ असे लिहून मोकळी होतात. आपले मूल्यमापन पहिल्या प्रश्नावर थांबते, त्यामुळे ही चूक बाहेरच येत नाही.

माझी पद्धत साधी आहे. दहा-बारा ओळींचा एकच उतारा आठवडाभर चालतो. मुले तो आधी मनात वाचतात आणि काय कळले ते स्वतःच्या शब्दांत सांगतात. मग प्रत्येक ‘त्याने’, ‘तिला’, ‘आपण’ कोणासाठी आला आहे, ते बाणाने जोडतात. ‘आपण’ तर फारच गमतीचा शब्द आहे. ‘आपण उद्या जाऊ’, ‘आपण बसावे’ आणि ‘तो आपण होऊन आला’ या तिन्हींत त्याचा अर्थ निराळा, आणि हा फरक मुले स्वतः शोधून काढतात तेव्हा वर्गात जो उत्साह असतो तो व्याख्या सांगताना मी कधी पाहिला नाही. शेवटी एखादे वाक्य कर्तरीतून कर्मणीत नेऊन अर्थ टिकतो का, हे आम्ही तपासतो. प्रयोगाचे नाव सर्वांत शेवटी येते.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगते. वऱ्हाडी किंवा अहिराणी घरातून आलेले मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिते आणि आकलनाच्या प्रश्नात त्याचे गुण कापले जातात. त्या मुलाला उतारा पूर्ण समजलेला असतो. लेखननियम शिकवायलाच हवेत, परंतु त्याची चूक लेखनाची आहे, समजण्याची नाही, आणि हे दोन हिशेब एकाच लाल रेघेने मिटवले तर त्या मुलाला आपल्याला वाचताच येत नाही असे वाटू लागते.

दहावीच्या मराठी प्रथम भाषेच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत अपठित गद्य उताऱ्याला ४ गुण आहेत. बाकीचे गद्य पुस्तकातले असते आणि त्याची उत्तरे गाईडमध्ये तयार मिळतात. परीक्षेत ज्याला गुण कमी, त्याला वर्गात वेळ कमी, हा शाळांचा अलिखित नियम आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी, की अपठित उताऱ्याचे गुण वाढवावेत आणि भाषाभ्यासातल्या निदान काही कृती त्याच उताऱ्यावर बेताव्यात. दुसरी विनंती सहावी ते आठवीच्या वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका अशा एकत्रित उजळणीसाठी राखून ठेवण्याची आहे. ती इतर कामांसाठी काढून घेतली जाणार नाही, याची लेखी हमी हवी. त्यासाठी नव्या पुस्तिका छापण्याची गरज नाही. बालभारतीच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत असे शेकडो उतारे पडून आहेत.

तिसरी विनंती नियतकालिक मूल्यांकन चाचण्यांबद्दल आहे. शिक्षक त्या तपासतात, गुण ऑनलाइन भरतात आणि काम तिथे संपते. गुणांसोबत मूल कुठे अडले, म्हणजे कर्ता चुकला, सर्वनाम चुकले, कारण-परिणाम उलटला की केवळ लेखन चुकले, एवढी एक नोंद शिक्षकाने वर्गाच्या वहीत ठेवावी आणि पुढच्या महिन्याची उजळणी त्या नोंदीवरून ठरवावी, असे परिपत्रक आपण काढावे. ही वही वर पाठवायला मात्र सांगू नये. ती त्या वर्गातच, शिक्षकाच्या टेबलावर राहू द्यावी.

आपली विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षिका