गुलमर्गहून पत्र: उशिरा आलेला बर्फ

गुलमर्ग, ८ मार्च २०२४

भावा,

तुझे तीन मेसेज आणि एक व्हॉइस नोट आली, सगळं ऐकलं, उत्तर द्यायला आठवडा लागला त्याबद्दल माफ कर. लाईट दोन दिवस येऊन-जाऊन होती आणि नेटवर्कचं तर विचारूच नको. आज महाशिवरात्र, सकाळी दुकान उघडायच्या आधी इथल्या टेकडीवरच्या शंकराच्या देवळात जाऊन आलो. डोगरा राजघराण्यातल्या राणीनं बांधलेलं आहे, लाल उतरत्या छपराचं, पायऱ्या बर्फात गेलेल्या, लोकांनी पाय रोवून रोवून वाट पाडलीय तेवढीच. आणि मला एकदम शिखर शिंगणापूर आठवलं, आपण दहिवडीहून रात्री चालत निघायचो ते. म्हणून आज ठरवलंच की तुला नीट लांब पत्र लिहायचं, कारण तू जे विचारलंयस ("आता बर्फ पडलाय ना मग येऊ का, वरून खाली स्की मारायचं आहे") त्याचं उत्तर दोन ओळींत देता येणार नाही.

तर सुरुवातीपासून सांगतो. मी १८ डिसेंबरला इथं पोचलो. मागच्या वर्षी स्कीइंगचा कोर्स केला होता तेव्हा जे गुलमर्ग बघितलं होतं तेच डोक्यात होतं, पण खालच्या टंगमर्ग गावावरून वर येताना शेवटच्या वळणापर्यंत रस्ता कोरडा. बर्फात टायरला चेन बांधून देणारे नुसते बसलेले. २१ डिसेंबरला चिल्लई कलां सुरू झालं, म्हणजे इथल्या कडक थंडीचे चाळीस दिवस, त्याच्यानंतर वीस दिवसांचं चिल्लई खुर्द आणि मग दहा दिवसांचं चिल्लई बच्चा. आपल्याकडं जसं मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं नक्षत्रांवर चालतं ना, अगदी तसं. पडायचा तो बर्फ या चाळीस दिवसांत पडायला हवा, कारण हाच टिकतो, याच्यावर पुढचा उन्हाळा निघतो. आणि ते चाळीस दिवस जवळपास कोरडे गेले रे. जानेवारीत मी इथं पिवळं गवत बघितलं, २,६५० मीटरवर, भर हिवाळ्यात! रात्री उणे पाच-सहा आणि दिवसा लख्ख ऊन. पर्यटक यायचे, गाडीतून उतरायचे, इकडं तिकडं बघायचे, आणि त्यांचे चेहरे बघवायचे नाहीत.

पण खरं वाईट वाटायचं ते स्लेज (बर्फावरची घसरगाडी) ओढणाऱ्यांचं. लाकडी स्लेज एकावर एक रचून ठेवलेल्या, आणि माणसं शेजारी फेरन (लांब ढगळ झगा) घालून, आत कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) धरून, आभाळाकडं बघत बसलेली. भावा, ते आभाळाकडं बघणं मी ओळखतो. जूनच्या शेवटी तुझे आबा ओट्यावर बसून बघतात ना, तसंच. गंमत नाही करत, हवामानवाले इथंही एल निनोचंच नाव घेत होते, ज्यानं आपला ऑगस्ट कोरडा घालवला (१९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता म्हणे तो देशात). इथला बर्फ मान्सूनचा नसतो, तो पश्चिमेकडून येतो, भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेले वेस्टर्न डिस्टर्बन्स इराण-अफगाणिस्तानवरून येऊन पीर पंजालच्या डोंगररांगेला धडकतात. यंदा ते आलेच नाहीत, आले ते वरून निघून गेले. मी ज्यांच्या घरी राहतो त्या चाचांची खाली टंगमर्गला सफरचंदाची बाग आहे. त्यांना स्कीइंगचं काही नाही, त्यांचं एकच, की बर्फ नाही तर झऱ्याला पाणी नाही, आणि झाडाला थंडी पुरली नाही तर फूल वेळेआधी येतं आणि मग एखादा गारठा त्याला मारतो. म्हणजे विहीर आणि मोहोर. आपलीच भाषा.

दुकानातलं काम सांगतो, तू विचारलंच होतंस. भाड्यानं स्की, बूट, पोल द्यायचे, संध्याकाळी परत आले की पुसायचे, बूट बुखारीजवळ, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीजवळ, वाळत लावायचे (फार जवळ नाही, प्लास्टिक वाकतं), आणि रात्री स्कीला वॅक्स. इस्त्रीसारखी एक इस्त्री असते, तिच्यावर वॅक्सची कांडी टेकवायची, थेंब पडले की पसरवायचं, गार झालं की खरवडायचं. जानेवारीत वॅक्सपेक्षा डागडुजीच जास्त, कारण वर कोंगडोरीला, केबल कारच्या मधल्या थांब्याला, जो थोडा जुना बर्फ होता त्यातून दगड वर आलेले, लोक तरी जायचे आणि स्कीच्या तळाला बोटभर लांब चरे पाडून आणायचे. मग प्लास्टिकची कांडी पेटवून तिचे थेंब त्या चऱ्यात सोडायचे आणि पातं फिरवून सपाट करायचं. हे काम मला फार आवडायला लागलंय, हात शांत लागतो. बाइंडिंगचं, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीचं, सेटिंग मात्र मालक स्वतः तपासतात, वजन, उंची, बुटाची लांबी, आणि स्की किती येते हे सगळं बघून, कारण घट्ट राहिलं तर पडल्यावर स्की सुटत नाही आणि गुडघा जातो.

जेवणाचं म्हणशील तर चाचींनी उन्हाळ्यात वांगी, दुधी, टोमॅटो कापून दोऱ्यात ओवून वाळवून ठेवलेले, त्याला इथं होख स्युन म्हणतात, हिवाळ्यात तेच शिजतं. पहिल्यांदा वाळलेल्या वांग्याची भाजी खाल्ली तेव्हा मला आईचं वाळवण आठवून घास गिळेना. सकाळी नून चाय, गुलाबी आणि खारट, पहिले चार दिवस नको वाटला, आता त्याच्याशिवाय हात चालत नाहीत. पाण्याचे पाइप गोठतात म्हणून रात्री नळ बारीक चालू सोडायचा, आपल्याकडं असं पाणी सोडलं तर काय होईल विचार कर.

आणि मग जानेवारीच्या शेवटी आला. रात्री काही आवाज नव्हता, म्हणजे इतका आवाज नव्हता की मला त्यानंच जाग आली, कुत्री गप्प, छपरावर काही नाही, खिडकी उघडली तर समोरचं फरचं झाड अर्धं गायब. सकाळी चाचांच्या धाकट्या नातवानं माझ्या हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, उघडलं तर बर्फाचा गोळा, आणि सगळे ओरडले "शीन मुबारक!" शीन म्हणजे बर्फ. पहिल्या बर्फाला असं फसवून दिलं आणि तुम्ही घेतलं की तुम्ही सगळ्यांना जेवण द्यायचं, रीतच आहे. मी बेकरीतून सगळ्यांना गिर्दा आणि खाली टंगमर्गहून चिकन आणलं. त्या दिवशी बाजारात लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. स्लेजवाले एका तासात कामाला लागलेले. मी खरंच रडलो भावा, पहिल्या पावसात रडतात तसा.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तर धुवाधार. गोंडोलाचा (केबल कारचा) फर्स्ट फेज कोंगडोरीपर्यंत जातो, ३,०८० मीटरच्या आसपास, आणि सेकंड फेज थेट अफरवट शिखराच्या खांद्यावर, जवळजवळ ३,९५० मीटर. सेकंड फेज बंद असतो वारा असला की, आणि मोठा बर्फ पडला की स्की पेट्रोलवाले, म्हणजे उतारांवर गस्त घालणारे, बघून सांगत नाहीत तोपर्यंत. लोक खाली लाईनीत चिडतात. मी पण चिडायचो, आता नाही, आणि का नाही तेच मला तुला सांगायचं आहे.

फेब्रुवारीच्या मध्यात माझ्या ओळखीचे एक उस्ताद, तीस वर्षं इथं गाईड आहेत, मला वर घेऊन गेले. अफरवटवरून उजवीकडं थोडं चालत गेलं की एक उतार आहे, अस्पर्श, गुडघ्याच्या वर भुसभुशीत पावडर, निळं आभाळ, खाली भूर्जाची झाडं काडीसारखी. मी इतके दिवस याच एका उताराची वाट बघत होतो. उस्तादांनी फावडं काढलं आणि कडेला सुरक्षित जागी खणायला लागले. छातीएवढा खड्डा. मग मला म्हणाले, हात घाल तळाला. वरचा बर्फ मुठीत दाबला की गोळा होत होता, आणि तळाचा वीतभर थर बोटांतून साखरेसारखा सांडला. अक्षरशः साखर, दाणेदार, एकमेकांना न चिकटणारी.

मग त्यांनी समजावलं. डिसेंबरात वर सावलीच्या उतारांवर जो थोडा बर्फ पडला तो पातळ होता, आणि त्याच्यावर महिनाभर निरभ्र थंड रात्री गेल्या. जमिनीलगत शून्याच्या आसपास ऊब, पृष्ठभाग मात्र उणे पंधरा, आणि मध्ये हातभर बर्फ. मग खालची वाफ वर सरकत राहते आणि दाणे मोठे, कोरडे, कंगोऱ्याचे होतात, त्यांची पकड जाते. थर जाड असता तर ही ओढ कमी राहिली असती आणि दाणे एकमेकांना धरून बसले असते. म्हणजे जो महिना आम्ही सगळे "काहीच होत नाही" म्हणून बसून काढला, त्या महिन्यात हे सगळं होत होतं! आणि त्या साखरेवर फेब्रुवारीनं चार-पाच फुटांचा गालिचा अंथरला. वरून बघणाऱ्याला पांढरंच दिसतं.

त्यांनी बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापट्या मारायला लागले. आधी मनगटातून दहा, मग कोपरातून दहा, मग खांद्यातून दहा, अशी रीत असते. कोपरातली चौथी थापटी पडली आणि सगळा खांब ड्रॉवर ओढल्यासारखा सरकन पुढं आला. उस्ताद काही बोलले नाहीत, फावडं दुमडलं आणि म्हणाले, आलो तसं जायचं. मी भावा, खूप नाराज झालो. तोंडावर बोललो नाही पण मनात म्हणालो की दोन महिने थांबलो ते यासाठी का. आम्ही आखलेल्या हद्दीतून खाली आलो, खाली चहा पिताना मी गप्प होतो आणि त्यांनी माझा कप दुसऱ्यांदा भरला.

मग १८ ते २० परत जोरदार पडला. २१ तारखेला खेलो इंडिया विंटर गेम्स सुरू झाले, सगळं गुलमर्ग गजबजलं, आपला सचिन पण त्याच आठवड्यात आलेला, रस्त्यावर पोरांबरोबर क्रिकेट खेळला, व्हिडिओ तू पाहिलाच असशील. आणि २२ ला दुपारी बातमी आली की खिलनमर्गच्या बाजूला हिमस्खलन झालंय, बाहेरदेशचे स्कीअर अडकलेत. आमच्या दुकानातली दोन पोरं फावडी घेऊन धावली. बाकीच्यांना वाचवलं, एक रशियन माणूस गेला. मागच्या वर्षीही १ फेब्रुवारीला इथंच दोन पोलिश स्कीअर गेले होते. संध्याकाळी दुकानात कोणी बोलत नव्हतं. मी स्की पुसत होतो आणि माझ्या बोटांना ती साखर लागत होती सारखी. दुसऱ्या दिवशी उस्तादांकडं गेलो आणि सॉरी म्हणालो, त्यांना कळलंच नाही कशाबद्दल.

तर आता तुझ्या प्रश्नाचं. ये. नक्की ये, परवा परत मस्त पडलाय आणि अजून तीनेक आठवडे सहज आहेत. पण मार्चमध्ये ऊन चढलं की दुपारी एकनंतर बर्फ ओला आणि जड होतो, स्की ओढून ओढून मांड्या भरतात, म्हणून सकाळी लवकर, रात्रीचा गोठलेला थर जरा सुटला की साडेदहा ते बाराची वेळ सोन्यासारखी. तू पहिले चार दिवस खालच्या सपाट उतारावर शिकायचं, मग कोंगडोरी. सेकंड फेजला गोंडोलानं जाऊन बघ, फोटो काढ, नंगा पर्वत दिसला तर नशीब, आणि गोंडोलानंच खाली ये. त्या उतारांवर उतरायचं असेल तर अंगावर बीकन (गाडलेल्याचा ठिकाणा कळवणारं यंत्र) पाहिजे, पाठीवर फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) पाहिजे, वापरता आलं पाहिजे आणि सोबत असा माणूस पाहिजे जो "नाही" म्हणेल. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर काढला, आणि एवढ्या वेळात फक्त सोबतचेच काढू शकतात, खालून कोणी पोचत नाही. तू यातलं अजून काही शिकला नाहीस, म्हणून यंदा नाही. रागावू नकोस, मी पण रागावलो होतो.

उस्ताद म्हणालेत की तुला झाडांतून बाबा रेशीच्या दर्ग्यापर्यंत नेतील, सातव्या-आठव्या दिवशी, तुझे पाय बघून. खाली पोचलं की जीपनं परत वर. तो रस्ता मला या सगळ्या सीझनमध्ये सगळ्यात जास्त आवडला, फरच्या झाडांखाली बर्फ मऊ राहतो आणि आवाज फक्त आपल्याच स्कीचा.

येताना पोस्टपेड सिम घे, बाहेरचं प्रीपेड इथं चालत नाही. लोकरीचे मोजे चार जोड, कॉटनचे नको, ओले झाले की वाळत नाहीत. गॉगल चांगला घे, पहिल्या दिवशी मी हयगय केली आणि रात्रभर डोळ्यांत वाळू असल्यासारखं झालं. गमबूट टंगमर्गला भाड्यानं मिळतात. आणि आईकडून शेंगदाण्याची चटणी दोन डबे आण, एक माझा, एक चाचींना, त्यांना मी सांगून ठेवलंय.

आबांना विचार विहिरीला किती परस पाणी राहिलंय, आणि टँकर सुरू झाला का ते कळव. चाचा रोज विचारतात, मी त्यांना आपल्या गावाचं सगळं सांगितलंय. काल ते झऱ्यापाशी घेऊन गेले होते, वरचा बर्फ सुटायला लागलाय, बोटभर धार सुरू झालीय.

तिकीट काढलं की तारीख सांग, श्रीनगरला घ्यायला येतो.

तुझाच