पंचाची सही : गृहमंत्र्यांना नाशिकहून खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : पोलिसांनी तपासात जमवलेल्या पण न्यायालयापुढे न ठेवलेल्या कागदांची यादी आरोपीला मिळण्याबाबत.

महोदय,

मी नाशिकच्या एका सरकारी कार्यालयातून लिपिक म्हणून निवृत्त झालो. मी वकील नाही, कुठल्या संघटनेतही नाही. एका खुनाच्या खटल्यात मी सरकार पक्षाचा पंच साक्षीदार होतो, एवढाच माझा या विषयाशी संबंध.

गंभीर गुन्ह्यात पंच म्हणून सरकारी नोकर बोलावण्याची पद्धत आपणास ठाऊक आहेच. पानटपरीवाला पुढे फितूर होतो, सरकारी माणूस नोकरीच्या धाकाने होत नाही, हा त्यामागचा हिशेब. तर एके दिवशी दुपारी साहेबांनी चिठ्ठी दिली आणि मी आणि शेजारच्या टेबलावरचे सहकारी पोलीस ठाण्यात गेलो. तिथे निवेदन पंचनामा आधीच टाइप होऊन पडला होता. आरोपी कोपऱ्यात उकिडवा बसलेला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा. आम्ही होतो तेवढ्या वेळात त्याने तोंडातून शब्द काढला नाही. कागदात मात्र तो घडाघडा बोलत होता : गुन्ह्यात वापरलेला कोयता मी लपवून ठेवला आहे, ती जागा दाखवतो, माझ्यासोबत चला.

मग जीप निघाली. आरोपी जागा दाखवणार होता ना? ड्रायव्हरने कुणालाही न विचारता एका मळ्याकडे गाडी वळवली आणि बरोबर बाभळीपाशी उभी केली. कोयता निघाला. खाकी कागदात गुंडाळला, लाखेचे सील लागले, आमच्या सह्यांच्या चिठ्ठ्या डकवल्या. मी सही केली. हरकत घ्यावी असे तेव्हा मनातसुद्धा आले नाही. साडेपाच वाजले होते आणि घरी पाहुणे यायचे होते.

साडेतीन वर्षांनी समन्स आले. कोर्टाच्या व्हरांड्यात पैरवी हवालदाराने, म्हणजे पोलिसांचे कोर्टातले काम बघणाऱ्या हवालदाराने, पंचनाम्याची झेरॉक्स माझ्या हातात ठेवली. म्हणाला, ‘साहेब, एकदा नजरेखालून घाला, म्हणजे आत अडखळायला होत नाही.’ मी दोनदा वाचली. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांच्या प्रश्नांना, पाठ केलेल्या कवितेसारखे सगळे सांगितले, वेळेसकट. उलटतपासणीला आरोपीच्या बाजूने मोफत विधी साहाय्यातली एक तरुण वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांनी विचारले, बाभूळ विहिरीच्या कोणत्या अंगाला होती? पंचनाम्यात ते नव्हते. मी म्हणालो, आठवत नाही. मग त्या म्हणाल्या, तुम्ही पोलीस ठाण्यात पोचलात तेव्हा पंचनामा आधीच तयार होता. मी म्हणालो, ‘खरे नाही.’

साक्षीचा शेवट ज्या वाक्याने होतो ते कोर्टात वावरणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते : ‘मी पोलिसांच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.’ माझ्या वेळी लघुलेखकाची बोटे माझ्या उत्तराची वाट न बघताच ते वाक्य टाइप करू लागली होती.

तो पोरगा सुटला. माझ्यामुळे नव्हे, दुसरे दोन साक्षीदार फितूर झाले म्हणून. तोवर नाशिकरोडच्या कारागृहात त्याची साडेतीन वर्षे गेली होती. त्याने खून केला होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. कदाचित केलाही असेल. पण ते कळण्याची जी एक वाट होती ती आम्ही सगळ्यांनी मिळून बुजवली, आणि त्यात माझ्या सहीचा दगड आहे.

साक्षीदार फितूर होतात म्हणून आरोपी सुटतात, हे वाक्य गृह विभागाकडून अनेकदा ऐकायला मिळते. ते खोटे नाही. त्यासाठी राज्याने 2017 मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला. 2018 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली, आणि आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 398 ने प्रत्येक राज्याला अशी योजना आखणे भाग पाडले आहे. चांगलेच झाले. पण हे सारे साक्षीदाराला आरोपीपासून वाचवण्यासाठी. पढवलेला साक्षीदार, तयार जबाबावर सही करणारा साक्षीदार, आधी एक सांगून नंतर दुसरे सांगणारा आणि ज्याचे पहिले सांगणे फायलीतून गायब झाले आहे असा साक्षीदार, त्याचे काय? तो फितूर होत नाही, म्हणून तो कुणाला खुपतही नाही.

यापुढचे माझे नव्हे, आपल्या जिल्ह्याचे सांगतो.

5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ बेलतगव्हाण शिवारात पेरूच्या बागेतल्या एका झोपडीवर हल्ला झाला. पाच जणांचे खून झाले, अत्याचार झाले. घरातली आई आणि एक मुलगा जखमी होऊन वाचले. काही दिवसांनी सहा जण पकडले गेले, भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. (इंग्रजांनी 1871 मध्ये केलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला. डोक्यातून तो रद्द व्हायला आणखी किती वर्षे लागतील कोण जाणे.) 2006 मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. 5 मार्च 2019 रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, न्या. सिक्री, न्या. अब्दुल नझीर आणि न्या. शहा यांनी, आपलाच निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडले. सोळा वर्षे झाली होती. सहांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता.

हा खटला उभा होता वाचलेल्या आईच्या आणि मुलाच्या साक्षीवर. जखमी प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराची साक्ष न्यायालये फार मानतात आणि मानलीच पाहिजे. पण हल्ल्यानंतर लगेचच्या दिवसांत पोलिसांनी त्या आईला गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातल्या चार जणांवर बोट ठेवले होते. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते. तिचे ते म्हणणे दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेही गेले होते. सरकार पक्षाने तो कागद न्यायालयापुढे आणलाच नाही. त्या चौघांचा धड तपासही केला नाही.

मी त्या माउलीला दोष देत नाही. डोळ्यांदेखत घर संपलेल्या बाईला पोलिसांनी नंतर माणसे आणून दाखवली तर ती काय करणार? माणसाची ओळख अशीच घसरत जाते. पहिल्यांदा अंधारातला चेहरा, मग फोटोतला, मग ओळख परेडमधला, मग पिंजऱ्यातला. शेवटी तिला स्वतःलाही सांगता येत नाही की आपल्याला नेमका कोणता आठवतो आहे. म्हणून तिचे पहिले सांगणे मोलाचे होते. तेच दाबले गेले.

साक्षीदार मोजायचे नसतात, तोलायचे असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्येच सांगून ठेवले आहे. आणि जुन्या पुरावा कायद्यात होते तसेच नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे की कुठल्याही गोष्टीच्या शाबितीसाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. एकाच साक्षीवर माणूस फासावर जाऊ शकतो. मग तागडीत जे टाकलेच नाही ते न्यायाधीश तोलणार कसे?

मालेगावही याच जिल्ह्यात येते. 2006 च्या स्फोटांनंतर आधी जे पकडले गेले त्यांना जामीन मिळायला पाच वर्षे लागली आणि आरोपमुक्त व्हायला 2016 उजाडले. त्याबद्दल बोलू लागलो की हे पत्र राजकारणाचे होईल, म्हणून इथेच थांबतो.

कुणी म्हणेल, याला आरोपींचा पुळका आला आहे. बेलतगव्हाणच्या त्या पाच जिवांचा पुळका म्हणा हवे तर. सहा चुकीची माणसे सोळा वर्षे डांबून त्या पाच जिवांना कोणता न्याय मिळाला?

आता मागणे. 20 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांतल्या उणिवांबद्दल स्वतःहून हाती घेतलेल्या प्रकरणात नियमांचा एक मसुदा मान्य केला आणि तो सहा महिन्यांत अमलात आणायला राज्यांना व उच्च न्यायालयांना सांगितले. त्यात अशी तरतूद आहे की, तपासात जमा झालेले जे जबाब, कागद आणि वस्तू तपास अधिकाऱ्याने आधाराला घेतलेल्या नाहीत, त्यांचीही यादी आरोपीला मिळावी. यादी हातात असेल तर आरोपीचा वकील न्यायालयाला म्हणू शकतो, हा अमुक तारखेचा जबाब मागवा. बेलतगव्हाणच्या फायलीतला तो एक कागद तेव्हाच अशा यादीत दिसला असता, तर?

आपल्या अखत्यारीतल्या प्रत्येक पोलीस ठाण्यातून ही यादी दोषारोपपत्रासोबत गेलीच पाहिजे, ती नसेल तर दोषारोपपत्र पुढे सरकू नये, असा स्पष्ट आदेश काढा. पोलीस आणि सरकारी वकिलांचे अभियोग संचालनालय दोन्ही आपल्याकडेच आहेत. यासाठी नवा निधी लागत नाही, इमारत लागत नाही. एक तक्ता आणि तो भरण्याची सक्ती लागते.

नव्या संहितेच्या कलम 105 ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाले आहे, तपास अधिकाऱ्यांच्या मोबाइलमध्ये त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आले आहे. ते चित्रीकरण कोयता सापडल्यावर सुरू होऊ नये, जीप निघण्यापूर्वी सुरू व्हावे. ड्रायव्हर कुठे वळतो तेही त्यात दिसू द्या. आणि ते आरोपीला पूर्ण मिळावे, कापून जोडलेले नको.

त्र्यंबक रोडवरून जाताना महाराष्ट्र पोलीस अकादमी लागते. राज्यातले उपनिरीक्षक इथेच घडतात, म्हणजे पहिला जबाब कसा लिहायचा हेही इथेच शिकतात. ‘समक्ष विचारलेवरून जबाब लिहून देतो की’ या साच्यात पाच साक्षीदारांची पाच तोंडे एकाच चेहऱ्याची का होतात, हे त्यांना शिकवण्यासाठी बेलतगव्हाणचा निकाल अभ्यासाला लावा. बाहेरचे उदाहरण शोधायला नको, गुन्ह्याची जागा अकादमीपासून फार दूर नाही.

आणखी एक. त्या निकालात न्यायालयाने सहाही जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये देण्याचा आदेश राज्याला दिला होता, आणि तपासात कसूर करणारे अधिकारी शोधून, ते सेवेत असतील तर त्यांच्यावर कारवाई करायलाही सांगितले होते. कोणावर काय कारवाई झाली, हे आपण विधानसभेच्या पटलावर ठेवावे. नावे नकोत. संख्या सांगितली तरी चालेल. शून्य असेल तर शून्य सांगा.

माझ्या त्या खटल्याची फाइल अभिलेख कक्षात कुठेतरी असेल, त्यात पंच क्रमांक दोन म्हणून माझी सही आहे. चौकशी लावायची असेल तर मी हजर राहीन. या वेळी झेरॉक्स वाचून येणार नाही.

आपला,
एक निवृत्त लिपिक,
नाशिक