पळसाची पानं मोजायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

बदलीची ऑर्डर हातात पडली की माणूस सामानाच्या मागे लागतो. तुम्ही मात्र शेवटच्या शनिवारी माझ्या चौथीच्या पोरांना घेऊन शाळेमागच्या माळावर गेलात. त्याचे आभार चारचौघांत मानायचे राहिले होते.

झाडाचं नाव आधी सांगायचं नाही, हा तुमचा नियम. नाव कळलं की पोरं बघायची थांबतात. म्हणून आधी मोजणी. पळसाला पानं तीनच, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ. तुम्ही विचारलंत, ‘तीन पानं, की एकाच पानाचे तीन भाग?’ आणि देठाच्या बगलेतला डोळा, म्हणजे पूर्ण पानाच्या बुडाशी असणारी नव्या कोंबाची जागा, शोधायला लावलात. देठ फांदीला मिळतो तिथे डोळा सापडला, तिन्ही भागांच्या बुडाशी काही नाही. म्हणजे पान एक, पर्णिका तीन! पुस्तकातलं ‘संयुक्त पान’ मी फळ्यावर काढून दाखवत आले होते; असा पुरावा पोरांच्या हाती कधी दिला नव्हता.

मग कासऱ्याची ती दोन रिंगणं. एकात तीन पर्णिकांची झाडं, दुसऱ्यात काटेरी. पळस पहिल्यात, बोर-बाभूळ दुसऱ्यात. बेल आला आणि भांडण जुंपलं. तुम्ही गप्प उभ्या. शेवटी पोरांनीच दोर सरकवून रिंगणं एकमेकांवर आणली आणि मधल्या जागेत बेल व पांगारा ठेवला. रुई बाहेरच राहिली. वेन आकृती मी बी.एड.ला शिकले, पण ती अशी गरजेतून निघालेली तिथेच पाहिली. चौकटीच्या कागदावर पान ठेवून अर्ध्याहून जास्त झाकलेले चौकोन मोजायचे, हेही तुमचंच. क्षेत्रफळाचं सूत्र यायच्या आधी पोरांना क्षेत्रफळ कळलंय.

आता ताजी खबर. लिंबू कुठे ठेवायचं यावरून वर्ग फुटलाय. पान एकच दिसतं, काटे आहेत, म्हणून एक गट म्हणतो फक्त काटेरी रिंगणात. एका मुलीनं मात्र देठावरचा सांधा दाखवला आणि विचारलं, बाकीच्या पर्णिका गेल्या कुठे? वर तिनं बेलाचं नि लिंबाचं पान उन्हात धरून दोन्हींतले बारीक पारदर्शक ठिपके दाखवले. दोन्ही एकाच कुळातली, हे मी अजून सांगितलेलं नाही. तुमचाच नियम! तिसऱ्या रिंगणासाठी दोर मागवलाय.

दिवाळीच्या सुट्टीत इकडे फिरकलात तर माळावर या.

तुमची,
चौथीच्या वर्गाची बाई