दीड तासाचं विमान

शाहूपुरी, सातारा
रविवार

प्रिय मित्रा,

काकूंचं प्लास्टर काल निघालं. मनगट अजून पूर्ण वळत नाही, पण आज सकाळी त्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला आणि मी नको नको म्हणत असताना मला दुसरा कपही दिला. तेव्हा तू काळजी करू नकोस.

एक गोष्ट मात्र त्या दिवसापासून मनात घोळतेय. काकू पडल्या तेव्हा संध्याकाळी साडेसहाला मी तुला बंगळुरूला फोन केला. तू म्हणालास, "सकाळचं विमान धरतो, दीड तासात पुण्यात." मी ते काकूंना जसंच्या तसं सांगितलं, आणि तिथंच चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांचे डोळे दाराकडे. "दीड तासाचं म्हणाला होता ना रे?" तीनदा विचारलं त्यांनी. तू पोचलास साडेचारला.

नंतर मी बसून हिशेब मांडला. तू घरातून सहाला निघालास. तुमचा देवनहळ्ळीचा विमानतळ शहरापासून 35-40 किलोमीटर, तिथं तपासणी, मग दहाचं विमान. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून बाहेर पडेपर्यंत बारा वाजले. पुढं अख्खं पुणं ओलांडून कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, आणि खंबाटकी घाटात बंद पडलेला ट्रेलर. पुणे-सातारा 110 किलोमीटर, पण त्यालाच साडेचार तास गेले. एकूण साडेदहा तास, त्यातला दीड तेवढा आकाशात.

नकाशा पाहिला तेव्हा तर जीव हळहळला. बंगळुरू-पुणे हवाई अंतर साधारण 735 किलोमीटर, आणि बंगळुरूहून रस्त्यानं सातारा 730च्या आसपास. विमान जेवढं उडतं तेवढ्यात रस्ता तुला घरी आणून सोडतो! विमान साताऱ्याला बगल देऊन पुढं जातं आणि तू तेवढंच मागं येतोस. रस्ता एकच, जुना चार नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, आताचा 48. तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, कराड. रात्री आठ-साडेआठला स्लीपर बसमध्ये बसलास की बारा-तेरा तासांत साताऱ्याचा बॉम्बे रेस्टॉरंट चौक. त्या फोननंतर बस धरली असतीस, तर सकाळी नऊ-साडेनऊला काकूंच्या उशाशी असतास.

विमान वाईट असं मी म्हणत नाही. निरोप सकाळी मिळाला तर विमानच घे, रात्रीपर्यंत घर गाठशील. त्यातही कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ आधी बघ. तिथून सातारा सव्वाशे किलोमीटर, पण पुणं ओलांडायचं नाही आणि खंबाटकीही नाही. संध्याकाळी निरोप आला तर मात्र थांबू नकोस. रात्र घरात येरझाऱ्या घालण्यात जाते, ती रस्त्यात जाऊ दे. हे तुझ्या मनाला लागेल म्हणून लिहायचं टाळत होतो, पण काकूंचं वय बघता लिहायलाच हवं होतं.

दिवाळीला येशील तेव्हा बसनंच ये. कराड सुटलं की फोन कर, मी गाडी घेऊन हायवेला उभा राहतो. काकूंना या वेळी वेळ सांगणार नाही. तू दारात आलास की कळू दे त्यांना.

तुझाच,
मित्र